मुद्रित परिपथाचे जनक : पॉल आयस्लर

रेडिओ, दूरचित्रवाणी संच किंवा भ्रमणध्वनी उघडून पाहिला, तर आत बहुधा हिरव्या रंगाचा एक पातळ फलक दिसतो. त्याच्यावर तांब्याच्या बारीक रेषांचे जाळे असते आणि त्या रेषांना लहानमोठे सुटे भाग जोडलेले असतात. या फलकाला मुद्रित परिपथ फलक म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानांत तो ‘पीसीबी’ या नावाने ओळखला जातो. मुद्रित म्हणजे छापलेला. विजेच्या उपकरणाचा छापखान्याशी संबंध कसा जुळला, हे पॉल आयस्लर यांच्या जीवनकथेवरून कळते.

आयस्लर यांचा जन्म १९०७ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९३० साली त्यांनी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी मिळवली. पदवी हाती होती. पण ज्यूंविषयीच्या द्वेषाने वातावरण इतके कलुषित झाले होते की, अभियंत्याची नोकरी मिळणे दुरापास्त झाले. काही काळ त्यांनी बेलग्रेड येथे रेडिओसंबंधीचे काम केले. ते संपल्यावर व्हिएन्नाला परतून त्यांनी नियतकालिकांच्या प्रकाशनाचे क्षेत्र गाठले. अभियंत्याला नाइलाजाने पत्करावा लागलेला हा मार्ग होता, परंतु पुढच्या साऱ्या कार्याचे बीज तेथेच पडले. छापखान्यात चित्रांचे ठसे कसे बनवतात, हे त्यांनी जवळून पाहिले. धातूच्या पत्र्यावर चित्राचा भाग आम्लरोधक लेपाने झाकायचा आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघडा भाग झिजतो, झाकलेला भाग उंच राहतो. शेकडो वर्षे मुद्रक हेच करत आले होते.

१९३६ साली आयस्लर इंग्लंडला आले. आपल्या काही शोधांच्या जोरावर तेथे जम बसवता येईल, अशी त्यांची आशा होती. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील एका भोजननिवासात ते राहू लागले आणि त्या भाड्याच्या खोलीतच त्यांचे प्रयोग सुरू झाले.

त्या काळी रेडिओची जोडणी सर्वस्वी हाताने होत असे. प्रत्येक तार मोजून कापायची, तिची टोके सोलायची आणि नेमक्या जागी सोल्डर करायची. एका संचात असे कितीतरी सांधे असत. एक सांधा कच्चा राहिला किंवा एक तार चुकीच्या ठिकाणी गेली, तर संच बंद पडे आणि तारांच्या त्या गुंत्यात दोष शोधणे जिकिरीचे होई. आयस्लर यांनी ठसे बनवण्याची युक्ती येथे वापरली. वीज वाहून न नेणाऱ्या फलकावर त्यांनी तांब्याचा अतिशय पातळ पत्रा चिकटवला, परिपथाच्या रेषा लेपाने झाकल्या आणि उरलेले तांबे रसायनाने काढून टाकले. फलकावर उरलेल्या रेषांनी तारांची जागा घेतली.

हे फलक घेऊन ते प्लेसी या मोठ्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. कंपनीने नकार दिला. तारा जोडण्याचे काम कारखान्यातील मुली करत. त्यांची मजुरी कमी होती आणि संचात बदल करायचा झाल्यास त्यांना तसे सांगणे पुरेसे होते. या नकारात स्वस्त श्रमांचा हिशोब होता हे उघड आहे. तथापि तो अगदीच अविचारी नव्हता. हाताने जोडलेल्या संचातील एखादी तार क्षणात हलवता येते. छापलेल्या रेषेची जागा मात्र आधीच निश्चित करावी लागते. एकच फलक करायचा असेल तर त्यात फारशी बचत नाही. दहा हजार करायचे असतील, तर मात्र दहा हजारावा फलकही पहिल्यासारखाच निघतो. खोलीत एकट्याने घडवलेल्या एका नमुन्यावरून हा लाभ इतरांना पटवून देणे कठीण होते.

उदरनिर्वाहासाठी आयस्लर यांनी ओडियन या चित्रपटगृहांच्या संस्थेत काम धरले. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ज्या नाझींच्या छायेपासून ते दूर आले होते, त्यांच्याच देशाचे नागरिक ठरवून ब्रिटिश सरकारने १९४० साली त्यांना स्थानबद्ध केले. १९४१ साली सुटका झाल्यावर त्यांनी नव्याने प्रयत्न आरंभले. या वेळी त्यांना आधार मिळाला तो हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या संगीताच्या स्वरलिपी छापणाऱ्या मुद्रण संस्थेचा. रेडिओच्या कारखान्याने नाकारलेली कल्पना मुद्रकांनी उचलली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९४२ साली आयस्लर यांनी मुद्रित परिपथ वापरून रेडिओ संच तयार केला. तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

याच सुमारास त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, जिचे परिणाम दूरगामी ठरले. टेक्नोग्राफ या नव्या कंपनीशी झालेला करार त्यांनी नीट न वाचताच स्वाक्षरी करून दिला. त्या करारानुसार नोकरीच्या काळातील शोधांचे हक्क केवळ एका पौंडाच्या नाममात्र मोबदल्यात कंपनीकडे गेले. कंपनीतील साडेसोळा टक्के वाटा तेवढा त्यांच्याकडे राहिला. १९४३ साली एकस्वासाठी अर्ज करण्यात आला आणि १९५० साली त्यातून तीन स्वतंत्र एकस्वे प्रसिद्ध झाली.

दरम्यान युद्धाने या तंत्राची गरज सिद्ध केली होती. तोफगोळ्यात बसवायचा परिपथ लहान हवा आणि प्रचंड धक्का सोसणारा हवा. सुट्या तारांना ते साधणारे नव्हते. अमेरिकेत चिनी मातीच्या तुकड्यांवर वाहक शाई छापून असे परिपथ बनवले गेले. युद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या दळणवळण विभागातील डँको व अब्रॅमसन यांनी सुट्या भागांची टोके फलकाच्या छिद्रांतून घालून सगळे सांधे वितळलेल्या सोल्डरमध्ये एकाच वेळी बुडवण्याची रीत विकसित केली. मग १९५० च्या दशकात मुद्रित फलक घरोघरच्या रेडिओत आणि दूरचित्रवाणी संचांत पोहोचले.

आयस्लर यांची मूळ रीत आजही छंद म्हणून उपकरणे बनवणाऱ्यांच्या घरी जिवंत आहे. तांबे चढवलेला फलक, न पुसणारी शाई, प्लॅस्टिकच्या तसराळ्यात फेरिक क्लोराइडचे द्रावण आणि छिद्रे पाडण्याचे लहान यंत्र एवढ्या साहित्यावर साधा परिपथ एका संध्याकाळी तयार होतो. चूक झाली तर लगेच कळते आणि दुसऱ्या दिवशी सुधारता येते. मात्र हातमोजे व मोकळी हवा हवी आणि तांबे मिसळलेले वापरलेले द्रावण मोरीत ओतता कामा नये. दोन्ही बाजूंच्या रेषा छिद्रांतून तांब्याने जोडायच्या असतील, किंवा एकावर एक अनेक थर हवे असतील, तर घरचे साहित्य अपुरे पडते. तेव्हा संगणकावर आराखडा करून तो व्यावसायिक कारखान्याकडे पाठवणेच इष्ट. त्यासाठी काही दिवस थांबावे लागते, पण रेषा अचूक येतात आणि तांब्यावर संरक्षक लेपही मिळतो.

एकस्वांचे भवितव्य मात्र सुखावह नव्हते. अनेक उत्पादक ही रीत वापरत होते. त्यांच्याविरुद्ध टेक्नोग्राफने न्यायालयात दाद मागितली. अमेरिकेत १९६३ साली निकाल कंपनीच्या विरोधात गेला. त्या आधीच, १९५७ साली, आयस्लर यांनी टेक्नोग्राफ सोडली होती.

ते स्वस्थ बसले नाहीत. तांब्यासारख्या पातळ धातूपत्र्यांतून उष्णता कशी मिळवता येईल, याचा त्यांनी शोध घेतला. खोली उबदार ठेवणारा भिंतीकागद आणि अन्न गरम करणारी पातळ वेष्टने अशा कितीतरी कल्पना त्यांनी मांडल्या. ब्रिटनमधील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना नफील्ड रौप्यपदक देऊन गौरवले. १९८९ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी मुद्रित परिपथाच्या सहवासातील आपल्या आयुष्याची कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.