गांधीजी लंडनमध्ये रोज १५ किलोमीटर का चालायचे? वाचा विद्यार्थीदशेतल्या काटकसरीची गोष्ट

परदेशात शिकायला गेलेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात एक गणित सोडवावं लागतं. कॉलेजजवळची खोली महाग आणि लांबची स्वस्त, पण लांब राहिलं की प्रवासात पैसाही जातो आणि वेळही. लंडनसारख्या शहरात तर झोन बदलला की तिकीट बदलतं. सुमारे १३५ वर्षांपूर्वी हेच गणित एका १९ वर्षांच्या मुलापुढे होतं. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यानं काढलेलं उत्तर पुढे आयुष्यभर त्याच्या कामी आलं.

लंडनला जाण्याचा खर्च कोणी केला?

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास मुंबईहून बोटीनं निघाले, तेव्हा त्यांना १९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. वडील तीन वर्षांपूर्वीच गेले होते. राजकोटला आई पुतळीबाई, पत्नी कस्तुरबा आणि काही महिन्यांचा हरिलाल होता. बॅरिस्टर व्हायला तीन वर्षं आणि चार-पाच हजार रुपये लागतील, असा घरच्यांचा अंदाज होता. पैशांची जबाबदारी थोरले भाऊ लक्ष्मीदास यांनी घेतली.

समुद्र ओलांडायला जातीतून विरोध झाला. मुंबईतल्या जातपंचायतीनं त्यांना वाळीत टाकलंच, शिवाय त्यांना मदत करणाऱ्याला किंवा निरोप द्यायला बंदरावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला. म्हणजे हा मुलगा भावाच्या पैशांवर आणि जातीचा रोष पत्करून निघाला होता. नापास होऊन परत येणं परवडणारं नव्हतं.

सुरुवातीला पैसे कुठे गेले?

लंडनमध्ये ते पश्चिम केन्सिंग्टन भागात एका कुटुंबात पैसे देऊन राहू लागले. तिथून त्यांची कायद्याची संस्था इनर टेंपल सहा-साडेसहा किलोमीटरवर होती. या काळात कुठेही जायचं तर ते वाहनानं जात.

तेव्हाच्या लंडनमध्ये घोड्यांच्या बस होत्या आणि १८६३पासून भुयारी रेल्वेही होती. पण ती वाफेच्या इंजिनावर चालायची, त्यामुळे बोगद्यात धूर कोंडायचा. विजेवर चालणारी पहिली खोल भुयारी रेल्वे सुरू झाली ती डिसेंबर १८९०मध्ये, म्हणजे गांधीजींच्या मुक्कामाच्या अखेरच्या काही महिन्यांत. पश्चिम केन्सिंग्टनहून टेंपलकडे जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट रेल्वेवर वीज यायला १९०५ उजाडलं.

खर्च फक्त गाडीभाड्याचा नव्हता. साहेबी दिसायचं म्हणून त्यांनी १९ शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, नाचाची शिकवणी लावली आणि व्हायोलिनही विकत घेतलं. हे खूळ साधारण तीन महिने टिकलं. आपण इथे शिकायला आलो आहोत आणि पैसे भाऊ पाठवतो आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी ते सोडलं.

मग चालण्याचा निर्णय कसा झाला?

याचं श्रेय त्यांच्या हिशेबाच्या वहीला द्यावं लागेल. बसभाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्रावरची चार नाणी, सगळं ते लिहून ठेवत आणि रोज झोपण्यापूर्वी जमाखर्च जुळवत. वहीतले आकडे बघून त्यांनी खर्च निम्म्यावर आणायचं ठरवलं.

कुटुंबात राहायचं तर दर आठवड्याचं बिल ठरलेलं होतं. शिवाय शिष्टाचार म्हणून घरच्या मंडळींना बाहेर जेवायला नेणं आणि त्यांच्याबरोबर समारंभांना जाणं आलंच, त्याचा गाडीखर्च वेगळा. म्हणून त्यांनी स्वतःच्या खोल्या भाड्यानं घेतल्या. खोली निवडण्याची अट एकच होती: कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता आलं पाहिजे. काम बदललं की खोलीही बदलायची.

यातून दोन गोष्टी साधल्या. भाडं वाचलं आणि व्यायामासाठी वेगळा वेळ काढायची गरज उरली नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवल्यानुसार त्यांचं रोजचं चालणं आठ ते दहा मैल व्हायचं. म्हणजे सुमारे १३ ते १६ किलोमीटर. तुमच्या मोबाइलच्या भाषेत साधारण १७ ते २१ हजार पावलं. इंग्लंडमध्ये आपण फारसे आजारी पडलो नाही, याचं कारण त्यांनी हे चालणंच मानलं.

लंडनमध्ये चालायचं कारण त्यांना त्याआधीही मिळालं होतं. आईला मांस न खाण्याचं वचन दिलेलं असल्यामुळे सुरुवातीला त्यांची उपासमारच होत होती. शाकाहारी खाणावळ शोधत ते रोज दहा-बारा मैल भटकत. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सापडली आणि लंडनमध्ये आल्यापासून पहिल्यांदा ते पोटभर जेवले.

अभ्यासाचं काय झालं?

बॅरिस्टर होण्यासाठी तेव्हा बारा सत्रं पूर्ण करावी लागत. त्यासाठी वर्गातल्या हजेरीपेक्षा संस्थेतल्या भोजनांची हजेरी मोजली जाई. वेळ हाताशी होता म्हणून मोहनदास यांनी लंडन मॅट्रिकची परीक्षाही द्यायचं ठरवलं आणि खासगी वर्गात नाव घातलं. पहिल्या वेळी ते लॅटिनमध्ये नापास झाले.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी त्यांनी राहणी आणखी आवळली. आठवड्याला दोन शिलिंगांच्या खोलीत राहून कोको आणि पावावर दिवस काढणारा एक गरीब विद्यार्थी त्यांना माहीत होता. त्याच्याकडे बघून त्यांनी दोन खोल्यांऐवजी एकच ठेवली, स्टोव्ह घेतला आणि सकाळी ओटची लापशी, रात्री पाव व कोको असा बेत केला. जेवणाचा खर्च दिवसाला सव्वा शिलिंगावर आला. पुढच्या प्रयत्नात ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले. १० जून १८९१ रोजी त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली आणि १२ जूनला ते भारताकडे निघाले.

मुंबईत परतल्यावर ही सवय टिकली का?

घरी परतताना आनंद होता, पण मुंबईत उतरल्यावर आई गेल्याचं कळलं. परदेशात एकट्याला धक्का बसू नये म्हणून भावानं ती बातमी कळवली नव्हती.

पुढे वकिलीसाठी ते मुंबईत गिरगावात राहिले. पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी खटला सोडला आणि तीस रुपयांची फीही परत केली. अशा दिवसांत गिरगावातून हायकोर्टापर्यंत ते पायीच जात. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, भर उन्हातही. शहरात घोड्यांच्या ट्राम होत्या, पण त्यांत ते क्वचितच बसले. सहा महिन्यांत काम जमलं नाही म्हणून त्यांनी मुंबईतला मुक्काम हलवला. पायी जायची सवय मात्र पुढे कमाई सुरू झाल्यावरही सुटली नाही.

लंडन ते दांडी

दक्षिण आफ्रिकेत १९१०मध्ये उभ्या राहिलेल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी हीच सवय नियम म्हणून लावली. जोहान्सबर्ग तिथून २१ मैलांवर होतं. संस्थेच्या कामासाठी जाणाऱ्यानं रेल्वेच्या तिसऱ्या वर्गानं जावं आणि स्वतःच्या हौसेसाठी जाणाऱ्यानं पायी जावं, असा तो नियम होता.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. अंतर होतं सुमारे २४० मैल आणि दिवस लागले २४. सरासरी काढली तर रोजचे दहा मैल. लंडनमध्ये बसभाडं वाचवणारा विद्यार्थी रोज जवळपास एवढंच चालत होता.