ज्याला बंदरावरूनच परत पाठवणार होते, त्याने पुढे प्रयोगशाळेत वीज पाडून दाखवली!

पावसाळी रात्र. आकाशात वीज कडाडते, घरातले दिवे क्षणभर जातात आणि कुणी काही न करता परत येतात. हे कसं होतं?

वीज तारेवर पडली की इन्सुलेटरवरून ठिणगी उडते आणि तारेतला करंट त्याच वाटेने जमिनीत जाऊ लागतो. मग सर्किट ब्रेकर लाईन तोडतो. करंट थांबला की ठिणगी विझते आणि ब्रेकर आपोआप लाईन पुन्हा जोडतो. ओव्हरहेड लाईनवरचे बहुतेक फॉल्ट असेच क्षणिक असतात.

ही सोय एकट्या माणसाने शोधलेली नाही. पण वीज पडल्यावर तारेत नेमकं काय घडतं, याचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक नाव पहिल्या रांगेत येतं. ते म्हणजे चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ.

त्याचा जन्म 1865 चा, ब्रेस्लाऊचा. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. पाठीला जन्मापासून कुबड, उंची जेमतेम चार फूट. गणितात मात्र हुशार. समाजवादी चळवळीत असल्यामुळे अटकेची वेळ आली आणि 1888 मध्ये त्याला देश सोडावा लागला.

1889 मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी धड येत नाही, त्यात शरीर असं. अधिकारी त्याला परत पाठवायला निघाले होते. सोबतच्या मित्राने त्याची जबाबदारी घेतली, म्हणून तो आत जाऊ शकला.

पुढे तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गेला. एसी करंटची किचकट गणितं त्याने इंजिनिअरांना सोपी करून दिली.

1920 मध्ये मोहॉक नदीकाठच्या त्याच्या झोपडीवरच वीज पडली. आरशाचे तुकडे तुकडे झाले. पठ्ठ्याने ते गोळा करून जोडले आणि वीज कुठून कशी गेली याचा माग काढला!

1922 मध्ये त्याने 1,20,000 व्होल्टचं यंत्र उभारून कृत्रिम वीज पाडली. लाकडाच्या ढलप्या उडाल्या. आता लाईनची संरक्षक उपकरणं पावसाची वाट न बघता तपासता येणार होती.

आपलं व्यंग मुलांना येऊ नये म्हणून त्याने लग्न केलं नाही. एका सहकाऱ्याला दत्तक घेतलं आणि त्याच्या मुलांचा तो आजोबा झाला. 26 ऑक्टोबर 1923 ला तो गेला.

1930 च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या लाईनवर झटपट परत जोडणारे ब्रेकर आले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ब्रेकरला ठिणगी विझलेली कळत नाही, तो फक्त पुन्हा जोडून बघतो. फॉल्ट तसाच असेल तर परत तोडतो. म्हणून तुटून पडलेली तार शांत दिसली तरी तिच्याजवळ जाऊ नका. पुढच्याच क्षणी तिच्यात वीज येऊ शकते.