बर्फावरून आलेली हाक

रेडिओ म्हटले की आपल्याला बातम्या आणि गाणी आठवतात. आपला रेडिओ फक्त ऐकण्यासाठी असतो. पण काही माणसे सरकारी परवाना घेऊन घरातील लहानशा यंत्रावरून दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलतात. या कामाचा त्यांना पैसा मिळत नाही. ती त्यांची हौस असते. अशा माणसांना हौशी रेडिओचालक किंवा 'हॅम' म्हणतात. या मंडळींत रशियाच्या एर्न्स्ट क्रेंकेल यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते.

क्रेंकेल यांचा जन्म १९०३ साली झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. एर्न्स्ट लहान असतानाच त्यांचे कुटुंब मॉस्को शहरात राहायला आले. पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले आणि घरची परिस्थिती बिघडली. शाळा अर्धवट सोडून एर्न्स्ट यांना मिळेल ते काम करावे लागले. त्यांनी पार्सले बांधली, स्टोव्ह दुरुस्त केले. अशातच रेडिओचालकांच्या शिक्षणवर्गात त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांच्या आयुष्याला दिशा सापडली.

१९२४ साली ते उत्तर ध्रुवाकडील नोव्हाया झेम्ल्या या बर्फाळ बेटावर रेडिओचालक म्हणून गेले. तेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नसे. बाहेरच्या जगाशी संबंध राखणारे एकच साधन होते, ते म्हणजे रेडिओ.

त्या काळी दूरवर संदेश पाठवायचा तर उंच मनोरे, प्रचंड यंत्रे आणि भरपूर वीज लागते, असा समज होता. रेडिओच्या लघुलहरी निरुपयोगी मानून हौशी लोकांसाठी सोडून दिल्या होत्या. हौशी लोकांनी मात्र याच लहरींनी मोठा चमत्कार घडवला. १९२४ साली इंग्लंडमधील एका शाळेच्या विद्यार्थ्याने थेट न्यूझीलंडशी संपर्क साधला. हे कसे शक्य झाले? आपल्या डोक्यावर फार उंचावर हवेचा एक विद्युतभारित थर असतो. लघुलहरी त्याच्यावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात. भिंतीवर फेकलेला चेंडू परत येतो, तसेच हे घडते. अशा उड्या घेत त्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतात.

क्रेंकेल यांनी ही गोष्ट ओळखली. बर्फाळ प्रदेशात लघुलहरींचे यंत्र नेणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक होते. १९३० च्या जानेवारीत ते उत्तरेकडील फ्रान्स जोसेफ लँड या द्वीपसमूहावर होते. बाहेर काळोख आणि कडाक्याची थंडी होती. १२ जानेवारीला त्यांनी नेहमीप्रमाणे टिंब आणि रेघांच्या मोर्स लिपीत हाक दिली. एका अनोळखी केंद्राने उत्तर दिले. ते केंद्र होते दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर, अमेरिकेच्या रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेच्या तळावर! इकडे रात्र होती, तर तिकडे उन्हाळा आणि चोवीस तास उजेड. दोघांमध्ये सुमारे २०,००० किलोमीटर अंतर होते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे याहून दूरचा संपर्क पृथ्वीवर जवळजवळ शक्यच नव्हता.

परंतु क्रेंकेल यांची खरी कसोटी पुढे लागायची होती. १९३३ साली 'चेल्युस्किन' नावाचे जहाज उत्तरेच्या समुद्रातून निघाले. क्रेंकेल त्यावर रेडिओचालक होते. जहाज बर्फात अडकले आणि १३ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले. त्यात एक जण दगावला. बाकीचे १०४ लोक गोठलेल्या समुद्रावर उतरले. त्यांत स्त्रिया होत्या आणि दोन लहान मुलीही होत्या. ते कोठे आहेत, हे जगाला कळले नसते तर त्यांचा अंत ठरलेला होता.

जहाज बुडण्यापूर्वी क्रेंकेल आणि त्यांच्या साथीदारांनी रेडिओचे सामान व बॅटऱ्या बर्फावर उतरवल्या होत्या. गारठलेल्या बोटांनी त्यांनी तारा जोडल्या, काठ्या उभारून एरियल बांधली आणि तंबूत यंत्र मांडले. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरील केंद्राशी संपर्क झाला. मदतीची आशा निर्माण झाली. बॅटरी संपू नये म्हणून ते ठरलेल्या वेळीच यंत्र चालू करत. दोन महिने त्यांनी हे काम एकनिष्ठेने केले. विमाने येत राहिली आणि १३ एप्रिलपर्यंत सर्व १०४ जणांची सुटका झाली. क्रेंकेल शेवटच्या तुकडीत होते. अखेरचा संदेश पाठवून मगच त्यांनी यंत्र बंद केले.

इतके सोसूनही ते घरी स्वस्थ बसले नाहीत. १९३७ साली ते तीन साथीदारांसह उत्तर ध्रुवाजवळच्या एका तरंगत्या हिमखंडावर राहायला गेले. त्यांच्या यंत्राची ताकद १०० वॅटपेक्षाही कमी होती. पवनचक्कीवर बॅटऱ्या भरल्या जात. वारा पडला, की माणसांना हातापायांनी यंत्र फिरवून वीज तयार करावी लागे. एवढ्याशा विजेवर क्रेंकेल रोज हवामानाची माहिती पाठवत आणि सवड मिळाली, की दूरदूरच्या हौशी चालकांशी संपर्क साधत. हिमखंड वाहत वाहत ग्रीनलंडजवळ आला आणि तुटून लहान होत गेला. २७४ दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९३८ रोजी जहाजांनी चौघांची सुखरूप सुटका केली. त्या वर्षी क्रेंकेल यांना देशाचा मोठा सन्मान मिळाला.

'चेल्युस्किन' जहाजाचे रेडिओवरील संकेतनाम पुढे क्रेंकेल यांना कायमचे देण्यात आले. त्याच नावाने ते मॉस्कोतील घरातून जगभरच्या हौशी मित्रांशी बोलत. १९७१ साली त्यांचे निधन झाले. ज्या द्वीपसमूहावरून त्यांनी दक्षिणेला हाक दिली होती, तेथील एका संशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्या देशातही हौशी रेडिओचालक आहेत. २००४ साली त्सुनामीमुळे अंदमान-निकोबार बेटांवरील टेलिफोन बंद पडले, तेव्हा त्यांनीच लोकांची खुशाली त्यांच्या घरच्यांना कळवली. क्रेंकेल यांच्याजवळ साधने थोडी होती. पण यंत्राची पूर्ण माहिती, मेहनत आणि धीर यांच्या बळावर त्यांनी आपली हाक जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचवली आणि १०४ माणसांचे प्राण वाचवायला मदत केली.