जिन्यात घुमलेला ठेका : जॉन बॉनम

हार्ड रॉकच्या इतिहासात गजर होतो तो गिटारवादकांच्या नावांचा. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या 1971 मधील चौथ्या अल्बमचे मोठेपण मात्र ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या ठेक्याशिवाय उमगत नाही.

31 मे 1948 रोजी इंग्लंडमधील रेडिच येथे त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षापासून डबे बडवणाऱ्या या मुलाला दहाव्या वर्षी आईने स्नेअर ड्रम घेऊन दिला. वादनाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. शाळा सुटल्यावर वडिलांच्या बांधकाम व्यवसायात सुतारकाम करीत ते स्थानिक बँडमध्ये वाजवू लागले. 1968 मध्ये जुने सहकारी, गायक रॉबर्ट प्लांट यांच्या पाठोपाठ ते लेड झेपेलिनमध्ये आले.

चौथ्या अल्बमचे बरेचसे ध्वनिमुद्रण हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत झाले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी ड्रम जिन्याच्या तळाशी, उंच छताच्या दालनात मांडले गेले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी मायक्रोफोन ड्रमजवळ न लावता जिन्यावरून, बऱ्याच उंचीवर टांगले. त्यामुळे आघातासोबत त्या रिकाम्या दालनाचा घुमारही फितीवर उतरला. पुढे फितीचा वेग किंचित कमी केल्याने नाद आणखी जड झाला. मूळ ब्लूज गीत मिसिसिपीच्या 1927 मधील महापुरावरचे. त्याला हा संथ, अथक ठेका शोभतोच. तंत्राचे श्रेय तंत्राला द्यावे. पण तेच मायक्रोफोन अन्य कोणापुढे टांगून हा परिणाम साधला असता, असे वाटत नाही. बॉनम जोरकस वाजवीत, तरी घाई करीत नसत. दोन आघातांमधली जागा ते मोकळी सोडीत आणि तिथेच तो घुमार पसरे. 1986 मध्ये बीस्टी बॉइज या हिपहॉप बँडच्या पहिल्या अल्बमचा प्रारंभ याच उचललेल्या ठेक्याने झाला.

दौऱ्यांचे जीवन त्यांना मानवले नाही. घराची ओढ, विमानप्रवासाची भीती आणि वाढते मद्यपान हे सारे एकत्र आले. सप्टेंबर 1980 मध्ये अमेरिका दौऱ्याच्या तालमी सुरू असताना त्यांनी अतोनात मद्य घेतले. 25 सप्टेंबर रोजी गिटारवादक जिमी पेज यांच्या विंडसर येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. वय अवघे 32 होते.

नवा ड्रमवादक घेऊन पुढे जाणे उरलेल्या तिघांनी नाकारले. 4 डिसेंबर 1980 रोजी बँड थांबल्याचे त्यांनी जाहीर केले. 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनमध्ये ते पूर्ण मैफलीसाठी एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बॉनम यांचे पुत्र जेसन होते.