खुर्चीचा शिल्पकार : मिखाएल टोनेट

ऱ्हाईन नदीच्या कांठीं बोपार्ड या जर्मन गांवीं इ. स. १७९६ मध्यें मिखाएल टोनेट यांचा जन्म झाला. सुतारकी करीत असतां त्यांनीं पाहिलें कीं, कोरीव लांकडाची खुर्ची जड व महाग होते. म्हणून लांकडाच्या पातळ पट्ट्या सरसांत उकळून सांच्यांत वांकविण्याचे प्रयोग त्यांनीं १८३० च्या सुमारास आरंभिले. तें काम पाहून ऑस्ट्रियाचे मंत्री मेटरनिख यांनीं त्यांस व्हिएन्नास बोलाविलें. १८४२ सालीं ते तेथें गेले. परंतु इकडे सावकारांनीं बोपार्डची मालमत्ता जप्त केली. तरीहि परक्या नगरींत त्यांनीं संसार व धंदा पुन्हां उभारला.

सरसाचे सांधे दमट हवेंत सुटत. तेव्हां बीच वृक्षाच्या भरीव कांबी वाफेनें मऊ करून व बाहेरच्या अंगास लोखंडी पट्टी बांधून त्या न तडकतां वांकविण्याची युक्ति त्यांनीं साधली. १८५९ ची त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची अवघे ६ लांकडी भाग, १० स्क्रू व २ नट यांनीं जोडली जाई. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. वांकदार पाठ, वेताची बैठक, हलकेपणा व अल्प किंमत यांमुळें ती देशोदेशींच्या उपाहारगृहांत पोंचली. १८७१ मध्यें व्हिएन्ना येथें टोनेट निधन पावले.

विद्यार्थिमित्रहो, मालमत्ता जाऊनहि ज्यांचा निश्चय वांकला नाहीं, त्यांनाच अखेर तें कठिण लांकूड वांकवितां आलें.