आभासी जग आणि डॉ. पेनफिल्ड

व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला की क्षणभर आपण भलत्याच जगात असतो. पण थोड्या वेळाने अनेकांना गरगरतं, मळमळतं. मग तरुण मंडळी पुढचा प्रश्न विचारतात: हेडसेट हवाच कशाला? ‘द मेट्रिक्स’ या १९९९ च्या चित्रपटासारखी मेंदूलाच तार जोडली आणि खेळाचं अख्खं जग आत सोडलं तर? या प्रश्नाच्या अगदी जवळ पोहोचलेला माणूस संगणकतज्ज्ञ नव्हता. तो होता मेंदूचा सर्जन, डॉ. वाइल्डर पेनफिल्ड.

पेनफिल्ड यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या स्पोकेनचा. प्रिन्स्टनला पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तिथे मज्जासंस्थेचे थोर अभ्यासक चार्ल्स शेरिंग्टन त्यांना गुरू लाभले. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ते प्रवास करत असलेल्या ‘ससेक्स’ या जहाजावर पाणतीर आदळला. पायाला जबर इजा झाली, पण जीव वाचला.

१९२८ मध्ये ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलला आले. त्याच वर्षी त्यांची सख्खी बहीण रूथ त्यांच्याकडे आली. तिला अनेक वर्षं फिट येत होत्या. तपासणीत मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली. शस्त्रक्रिया भावानेच केली आणि मेंदूचा मोठा भाग काढावा लागला. ती बरी झाली, संसारात परतली, पण घरच्यांसाठी जेवणाचा घाट घालायचा तर कशानंतर काय करायचं हे तिला जुळेना. पुढे गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये ती गेली. मेंदूचा कोणता भाग काढला तर माणूस काय गमावतो, हा प्रश्न पेनफिल्ड यांच्यासाठी आता घरचा झाला होता.

रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीतून १९३४ मध्ये त्यांनी मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. औषधांनी न थांबणाऱ्या फिटवर तिथे शस्त्रक्रिया होत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्यामुळे फक्त टाळूची कातडी बधिर करून, रुग्ण जागा असतानाच ते कवटी उघडत. मग विजेच्या सौम्य प्रवाहाची तार मेंदूच्या पृष्ठभागावर एकेका जागी टेकवत, रुग्णाला काय जाणवलं ते विचारत आणि त्या जागी आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवत. फिट कुठून उठते आणि वाचा, हालचाल यांच्या कोणत्या जागांना हात लावायचा नाही, हे त्यातून कळे. शरीराचा कोणता अवयव मेंदूत कुठे, हा त्यांचा नकाशा आम्ही आजही विद्यार्थ्यांना शिकवतो.

या तारेने काय दिसलं? दृष्टीच्या भागाला स्पर्श केला की प्रकाशाचे ठिपके, रंग, हलत्या आकृत्या दिसत. स्पर्शाच्या पट्टीवर मुंग्या येत, बधिरपणा वाटे. रेशमाचा मऊपणा किंवा पावसाचा थेंब कुणाला जाणवला नाही. हालचालीच्या पट्टीवर हात आपोआप उचलला जाई, पण तो आपण नव्हे, डॉक्टरांनी हलवला, असंच रुग्ण सांगत.

कानशिलाच्या आतल्या भागात मात्र नवल घडलं. कुणाला वाद्यवृंद ऐकू आला, कुणाला जुना प्रसंग समोर दिसला. पण १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार ११३२ रुग्णांपैकी ५२० जणांच्या त्या भागाला तार लावली गेली होती आणि असा अनुभव आला फक्त ४० जणांना. कोणता प्रसंग यावा हे सर्जनच्या हाती नव्हतं. शिवाय आपण टेबलावर आहोत हे भान रुग्णांना असे. या आठवणी म्हणजे मेंदूतलं जसंच्या तसं ध्वनिमुद्रण, असं पेनफिल्ड यांना वाटे. पुढच्या संशोधकांना ते पटलं नाही.

आज तारा खूप बारीक झाल्या आहेत. २०२४ मध्ये एका अमेरिकी कंपनीने रुग्णाच्या मेंदूत बसवलेल्या यंत्राला १०२४ विद्युतटोकं होती. पण मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्या यंत्राचं काम पेशींचे संदेश वाचण्याचं होतं. जग आत लिहिणं त्याहून कितीतरी कठीण. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची जोखीम तर आहेच. ती जोखीम पेनफिल्ड यांनी आजारी माणसासाठी घेतली. खेळासाठी निरोगी कवटी उघडणं कोणत्याही डॉक्टरला मान्य होणार नाही. त्यामुळे खेळाचं आभासी जग यापुढेही बराच काळ डोळ्या-कानांच्या वाटेनेच येईल.

पेनफिल्ड १९७६ मध्ये वारले. त्यांच्या संस्थेत शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला मेंदू-शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. आपल्याकडे मात्र फिट आली की अजूनही कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात. तसं करू नका. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि डॉक्टरांकडे न्या. बहुतेकांच्या फिट नियमित गोळ्यांनी आटोक्यात येतात. दोन योग्य औषधं नीट घेऊनही न थांबल्या, तर शस्त्रक्रियेबद्दल जरूर विचारा. मेंदूला लावलेल्या त्या तारेचा खरा उपयोग इथे आहे.