भरंवशाचें भांडवल

मार्केट यार्डाच्या भुसार विभागांत सकाळच्या प्रहरीं उभें राहिलें म्हणजे भूक हा शब्द परका वाटूं लागतो. ज्वारी, तांदूळ, डाळी यांच्या पोत्यांच्या थप्प्या छतास टेकलेल्या असतात, हमालांची ये-जा चाललेली असते, आणि भावाची चौकशी करणारे फोन थांबत नाहींत. तथापि धान्याचा धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांस एक गोष्ट पुस्तकें न वाचतांही ठाऊक आहे. दुष्काळ म्हणजे धान्याचा सर्वस्वी अभाव नव्हे. धान्य एका बाजूस असतें, मजुरी बुडालेला माणूस दुसऱ्या बाजूस असतो, आणि मधली धारण त्यास ओलांडतां येत नाहीं. १८९६-९७ सालचा दुष्काळ पुष्कळ अंशीं असाच होता. आगगाड्या धान्य वाहत होत्या आणि माणसें अन्नावांचून मरत होतीं.

अशा वेळीं मदतीस जावें असें कोणास वाटत नाहीं? वाटतें सर्वांस, अडतें तें दुसऱ्याच ठिकाणीं. पेढीवर गोष्ट निघते ती अशी, कीं आधीं फंड जमूं द्या, पंच नेमूं द्या, किती माणसें पोसतां येतील त्याचा आंकडा बसूं द्या, मग पाहूं. ही सावधगिरी आम्ही वाईट म्हणत नाहीं. पुण्याचा व्यापार तिच्यावरच उभा आहे. परंतु ह्याच पुण्यांत एक बाई अशी होऊन गेली, कीं जिनें हा क्रम एकदां उलटा करून पाहिला आणि तो तडीस नेला. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचें नांव घेतांच अजूनही कांहीं घरांत कपाळास आठी पडते, हें आम्ही जाणतों. त्या आठीचा विचार पुढें करूं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं पश्चिम घाटाच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजातीयांचा रोष त्यांनीं पत्करला होता. पण त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जवळचें सर्व द्रव्य तीर्थयात्रा, दानें आणि अनुष्ठानें यांत खर्च झालें, आणि पुराण सांगण्यापलीकडे मुलांस पोटापाण्याचा कोणताही उद्योग शिकविलेला नव्हता. पुढें १८७४ ते १८७७ च्या दरम्यान मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां हें कुटुंब देवाच्या कृपेची वाट पाहत एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जात राहिलें. शेवटचें भांडें विकलें गेलें. तिरुपतीजवळच्या रानांत अकरा दिवस त्यांनीं झाडाचा पाला व पाणी यांवर काढले. वृद्ध शास्त्रीबोवा जलसमाधि घेण्यास निघाले, तेव्हां थोरला मुलगा श्रीनिवास यानें आपण मोलमजुरी करूं असें म्हणून त्यांस थांबविलें. हा निर्णय फार उशिरां झाला. वडील गेले, मागून आई गेली, त्यामागून थोरली बहीण.

उरलेलीं भावंडें पायीं हजारों मैल भटकलीं. झेलमच्या कांठीं थंडीपासून बचाव करावयास पांघरूण नव्हतें, म्हणून वाळूंत दोन खड्डे खणून त्यांत गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन तीं रात्र काढीत. रानटी बोरें मिळालीं तर पोट भरल्यासारखें वाटावें म्हणून आठळ्यांसकट गिळीत. येवढ्या तपशिलानें आम्ही हें लिहितों याचें कारण, पुढील सर्व गोष्टीची गुरुकिल्ली ह्या वाळूच्या खड्ड्यांत आहे.

मधलीं वर्षें प्रसिद्ध आहेत, तीं थोडक्यांत आटोपतों. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. भाऊ वारला, बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह झाला, दोन वर्षांच्या आंतच, १८८२ सालीं, तेही पटकीनें गेले, आणि मनोरमा नांवाची तान्ही मुलगी कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. येथें त्यांनीं आर्य महिला समाज काढला. १८८३ सालीं विलायतेस गेल्या आणि तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें अमेरिकेंत व्याख्यानें देऊन हिंदु विधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षें पुरेल अशा साहाय्याचीं वचनें मिळविलीं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन निघालें आणि दुसऱ्याच वर्षीं तें पुण्यास आलें. सदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हिच्याशींच १८९३ सालीं प्रो. धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला, आणि पुढें कर्व्यांनीं विधवांसाठीं स्वतंत्र आश्रम काढला, हें पुणेकरांस सांगावयास नको.

आतां त्या आठीविषयीं. १८९३ सालीं सदनांतील मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात असा बोभाटा झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पालकांनीं वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचें आश्वासन एक आणि घरच्या मालकिणीच्या श्रद्धेचा लहान मुलींवर पडणारा प्रभाव दुसरा. तो प्रभाव पडला व पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. पण ज्या समाजानें मुली काढून नेल्या त्यानें त्यांच्यासाठीं दुसरें घर त्या वेळीं उघडलें होतें काय, हाही प्रश्न त्याच वहींत नोंदला पाहिजे. कर्व्यांचा आश्रम निघावयास १८९६ साल उजाडावें लागलें.

त्याच सालच्या अखेरीस मध्यप्रांतांतील दुष्काळाच्या बातम्या पुण्यास आल्या. रमाबाईंच्या मनांत पहिला विचार आला तो कोणाही व्यवहारी माणसाच्या मनांत येईल तोच. जवळचा पैसा सदनासाठीं बांधलेला. अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. नव्या तोंडांस घालावयास कांहीं नाहीं. तेव्हां गप्प बसावें हें बरें. हें त्यांनीं स्वतः पुढें न लपवितां सांगितलें आहे, आणि आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत विश्वसनीय भाग हाच वाटतो. ज्याला भीतीच वाटली नाहीं त्याच्या धैर्याची किंमत कोण करील? पण वाळूचा तो खड्डा आणि तीं बोरें त्यांस विसरूं देईनात. आपण दुष्काळांतून वांचलों त्या कोणाच्या भरंवशावर, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस केला, आणि त्या निघाल्या.

सोहागपूर वगैरे ठिकाणीं त्यांनीं सरकारी अन्नगृहें व दुष्काळी कामें पाहिलीं. हाडांचे सांपळे झालेलीं मुलें तर होतींच. परंतु अधिक भयंकर गोष्ट ही, कीं तरण्या निराधार मुलींस घेऊन जाण्यासाठीं दुष्ट माणसें टपून बसलेलीं असत, आणि कांहीं अन्नगृहांतील रखवालदारही त्यांतलेच. पोटासाठीं अब्रू विकली जात होती. येथें फंड जमेपर्यंत थांबणें म्हणजे काय होतें, हें त्यांस डोळ्यांसमोर दिसलें. त्यांनीं मुली गोळा करून पुण्यास आणण्यास आरंभ केला. तीनशेंपर्यंत घ्याव्या असा मनाशीं बेत केला; तीनशेंना पुरतील असे रुपये मात्र पेटींत नव्हते.

आणि पुण्यांत त्या वेळीं प्लेग! शहरांत नव्या माणसांची भर नको, दुष्काळी मुली बाहेर न्या, असा अधिकाऱ्यांचा हुकूम झाला. पुण्याच्या पूर्वेस सुमारें चौतीस मैलांवर केडगांव येथें रमाबाईंनीं पूर्वींच शेतजमीन घेऊन ठेविली होती. अमेरिकेची मदत थांबल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावें हा त्यांतला हेतु. पाहा, भरंवशावर चालणारी ही बाई पुढच्या दहा वर्षांचा हिशेबही करीत होती! त्या उघड्या माळावर तंबू ठोकून आणि गवती छपरें उभारून मुली ठेविल्या. त्यांच्या अंगावर चिंध्या, डोक्यांत उवा, अंगभर फोड. भाकरी दिसली कीं चोरून लपवावयाची संवय. उपाशी पोटास एकदम भरपूर अन्न दिलें तर तेंच जीव घेतें, म्हणून जपून जपून भरवावयाचें. हें सर्व काम सदनांतल्या मोठ्या मुलींनीं केलें. कांहीं वर्षांपूर्वीं ज्यांस घरांत अपशकुनी म्हणून कोपऱ्यांत बसविलें होतें, त्याच ह्या मुली!

त्याच १८९७ सालीं प्लेगच्या इस्पितळांत नेलेल्या आपल्या एका मुलीच्या संबंधानें तेथील अव्यवस्थेवर रमाबाईंनीं वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहिलें. सरकारच्या धर्माची बाई सरकारचें मिंधेपण पत्करील असें समजणाऱ्यांनीं हें लक्ष्यांत ठेवावें.

पैसा कोठून आला? आकाशांतून पडला नाहीं. ब्रिस्टल येथें कोणाकडे मागणी न करतां हजारों पोरक्या मुलांस पोसणारे जॉर्ज म्यूलर यांचें चरित्र बाईंनीं वाचलें होतें, व मिळेल तें ईश्वराकडून आलें असें मानून घ्यावें ही त्यांची वृत्ति बनली होती. तरी कामाचें वृत्त त्या नियमानें प्रसिद्ध करीत. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथील साध्या माणसांनीं तें वाचून लहान लहान रकमा पाठविल्या. काम आधीं दिसलें, मग पैसा आला. शिवाय मुलींस नुसतें बसवून खाऊं घातलें नाहीं. विणकाम, शिवण, तेलघाणी, दुभतीं जनावरें, शेती, छापखाना असे उद्योग केडगांवांत उभे राहिले. ज्या बापानें मुलांस हाताचा धंदा शिकविला नव्हता, त्याच्या मुलीनें हें केलें.

संस्थेचें नांव मुक्ति ठेविलें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां बाईंनीं तिकडे आपल्या बायका पाठविल्या. ह्या बायका तीनच वर्षांपूर्वीं स्वतः अन्नगृहांच्या दारांत पडलेल्या. त्या आतां परमुलखांत जाऊन गाड्या भरभरून मुली घेऊन आल्या. ह्या एका दुष्काळांत हजारावर नवीं माणसें आलीं, आणि मुक्तींतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन, वृद्ध व पंगूंसाठीं प्रीतिसदन निघालें. आंधळ्यांस मनोरमाबाई ब्रेल लिपि शिकवीत. दोन हजार माणसांचें रोजचें धान्य म्हणजे किती पोतीं, हें आमच्या भुसार व्यापाऱ्यांनीं मनांतल्या मनांत करून पाहावें. तें धान्य रोज मिळत गेलें. केव्हां केव्हां दुसऱ्या दिवसाची तरतूद आदल्या दिवशीं नसे.

बाईंच्या अखेरच्या वर्षांत बायबलाचें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठींत भाषांतर चाललें होतें. अशिक्षित बायकांस तें समजावें हा हेतु. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. संस्था जिच्या हातीं द्यावयाची तीच गेली. त्यानंतरही साडेआठ महिने बाईंचें काम थांबलें नाहीं. भाषांतर हातावेगळें झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांवींच त्यांचा अंत झाला.

सोलापूर रस्त्यानें दौंडकडून माल घेऊन येणारे ट्रक आजही पहाटे मार्केट यार्डाच्या फाटकाशीं लागतात. ज्यांचीं माणसें त्या बाजूस जातात त्यांनीं केव्हां तरी केडगांवांत उतरावें. मुक्ति मिशन तेथें अद्याप चालू आहे, आणि ज्यांना कोणी नाहीं अशा बाया व मुली तेथें अजून येतात.